पप्पांनी काम सोडलं नव्हतं

पप्पांच्या कारखान्यात रजेचा अर्ज नावाची गोष्ट नव्हती. भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चार गाळे आतून एक करून तिथे स्टीलची भांडी बनवत. पप्पा पॉवर प्रेसवर होते. पत्र्याची गोल चकती डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, वाटी तयार. माझा जन्म व्हायच्या आधीपासून ते हेच करत होते. रजा हवी असली की केबिनमध्ये जाऊन सांगायचं, शेठ मान हलवायचे, झालं. गणपतीच्या रजेची मात्र एक रीत होती.

कारखान्यात पप्पा धरून कोकणातले तिघेजण होते. गणपतीच्या आधी, गावाला निघायच्या दिवशी, काम सुटताना ते केबिनबाहेर उभे राहत. शेठ एकेकाला आत बोलावून स्वतःच्या हाताने अगरबत्तीचा मोठा पुडा देत आणि म्हणत, "बाप्पा को मेरा भी नमस्कार बोलना." पुडा हातात आला की रजा मंजूर. किती दिवसांची, हे कोणी विचारत नसे. गौरी-गणपती आटोपले की माणसं आपली परत येत. "तुझा पुडा झाला काय रे?" असं ते एकमेकांना विचारत. एका वर्षी मोठी ऑर्डर होती म्हणून शेठनी एकाला पुडा दिला नाही, तर तो गावाला गेला नाही. त्याच्या घरची पूजा भावाने केली.

पुडा आई बॅगेत सगळ्यात वर ठेवायची, म्हणजे वाकणार नाही. गावी पप्पा तो चुलत्यांच्या हातात देत. "आमच्या शेठकडची," ते सांगत, आणि ती अगरबत्ती पहिल्या आरतीला लागे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, त्या वर्षीही पुडा मिळाला होता. मी स्वतः पाहिला होता. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर.

गावाहून आल्यावर पप्पा कामावर गेले आणि थोड्या वेळाने परत आले. आई भाजी चिरत होती. तिला वाटलं, वीज गेली असेल. पप्पांनी चपला काढल्या, नीट भिंतीला लावल्या आणि म्हणाले, "वॉचमन आत सोडत नाही. म्हणतो, नाव कटलंय."

"कोणाचं?"

"माझं."

"दुसऱ्या कोणाचं असेल हो. नीट विचारायचं ना."

आईने भाजी चिरून पूर्ण केली. मला आठवतं ते असं की त्या दिवशी भाजी नेहमीपेक्षा फार बारीक चिरली गेली होती.

कोकणातल्या तिघांनाही तेच सांगितलं होतं. ते गावाला असताना प्रेसचं सगळं काम ठेकेदाराकडे दिलं गेलं होतं. ठेकेदाराने आपली माणसं आणली होती. ती कारखान्यातच झोपत. तीन-चार दिवस गेटवर उभं राहिल्यावर पप्पांना शेठ भेटले, गाडीत बसता बसता. पप्पांनी घरी येऊन शेठचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते नक्कल करत नव्हते, पण त्यांचा आवाज आपोआप शेठसारखा मऊ झाला होता. "अरे काका, तुम तो बिना बताये चले गये. मैंने समझा, छोड दिया. अब मैंने दूसरा आदमी रख लिया ना."

"आणि पुडा?" आईने विचारलं. "पुडा कोणी दिला मग? मी दिला?"

"तेच म्हटलं मी."

"मग?"

"काच वर केली."

बाकीच्या दोघांपैकी एक गावाला निघून गेला, दुसऱ्याला वसईत काम लागलं. पप्पा राहिले. आपल्याला कामावरून काढलं, हे त्यांना एक वेळ चाललं असतं. माणसं काढतात, ते त्यांनी पाहिलं होतं. पण मी सोडून गेलो असं कसं म्हणतात, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. ते मध्येच पंख्याकडे बघत म्हणायचे, "सोडायचं असतं तर सांगून सोडलं असतं." त्यांना काम परत हवं होतं. त्याच प्रेसवर, तेच काम. दुसरं काही मागायचं त्यांच्या मनात आलं नाही.

आम्ही नवघर रोडला राहायचो, वन रूम किचनमध्ये. मला इंग्लिश मीडियमला घातलं होतं, कारण पप्पांना वाटायचं की आपल्याला जे कागद कळले नाहीत ते पोरीला कळावेत. आता कागद आले. कागद वाचायची जबाबदारी माझी झाली. कागदांची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती माणसांशी बोलायची. दुकानात सुटे मागायचे असले तरी मी मनात वाक्य दोनदा म्हणून बघायची.

मीरा रोडला एक वकीलबाई कामगारांच्या केसेस घेतात, असं कोणीतरी पप्पांना सांगितलं. त्या स्वतःच्या हॉलमध्येच ऑफिस चालवायच्या. सोफ्यावर आम्ही, समोरच्या खुर्चीवर त्या, आणि आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाईंची मालिका चालू. त्यांनी पप्पांना फार प्रश्न विचारले. अपॉइंटमेंट लेटर? नाही. हजेरी? मस्टर शेठकडे. पगाराची पावती? व्हाउचरवर सही. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं, ते पप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. वकीलबाईंनी ते उलटसुलट पाहिलं.

"हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथे कामाला होतात हे तरी नाकारता येणार नाही."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला असं काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, आणि जो सगळ्यात शेवटी लागला तो आधी जातो. पप्पा तर जवळजवळ पहिले होते. म्हणूनच ते 'काढलं' असं म्हणत नाहीत, 'तो गेला' असं म्हणतात. पण तेही इतकं सोपं नाही. माणूस आला नाही तर मालकाने पत्र पाठवून बोलवायला हवं, चौकशी करायला हवी. "तुम्हाला असं काही पत्र आलं?"

"पत्र कशाला येईल? मी तर गेटवरच उभा होतो," पप्पा म्हणाले.

"म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे?" हे मी विचारलं. त्या घरात मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे दमलेले होते. "आहे. पण ते ऐकून खूश होऊ नकोस. इथे त्या सोफ्यावर बसून गेलेल्या बहुतेकांच्या बाजूने होता तो."

आधी कारखान्याला रजिस्टर पत्र गेलं. त्याचं उत्तर इंग्रजीत आलं, शेठच्या वकिलाकडून. मी ते घरी वाचलं. आधी मनात, मग मराठीत मोठ्याने. सदर कामगार कोणालाही न कळवता, कोणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने काम सोडून निघून गेला, असं त्यात होतं.

"परत वाच," पप्पा म्हणाले.

मी परत वाचलं.

"मर्जीने असंच लिहिलंय?"

"हो."

"पुड्याचं काही लिहिलंय?"

"नाही, पप्पा."

आई मध्येच म्हणाली, "त्यांच्या घरी नाहीत का देव? असं कसं लिहवतं माणसाला?" पप्पा तिच्यावर चिडले. शेठनी थोडंच लिहिलंय, वकिलाने लिहिलंय, म्हणाले. तेव्हासुद्धा ते शेठची बाजू घेत होते. मला ते बघवेना, म्हणून मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

मग वकीलबाईंनी तक्रार केली आणि ठाण्याच्या लेबर ऑफिसच्या तारखा सुरू झाल्या. आम्ही काशिमीऱ्याहून घोडबंदर रोडच्या बसने जायचो. मी कॉलेज बुडवायची. पप्पा प्रत्येक वेळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि बसमध्ये खिडकीची जागा मला द्यायचे, जणू मी लहान होते. ऑफिसबाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच लोक असत. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या. तिथे बसून मला कळलं की ज्याची नोकरी जाते तो खूप सावकाश बोलायला लागतो, समोरच्याला घाई असली तरी. पहिल्या काही तारखांना कारखान्याकडून कोणी आलंच नाही. पुढची तारीख घ्या, असं सांगून आम्हाला पाठवत.

पप्पांना एक साक्षीदार होता. त्यांच्या शेजारच्या प्रेसवर काम करणारे काका, नवघरचेच, इथल्या जुन्या घरातले. इस्टेट उभी राहायच्या आधी तिथे त्यांच्या घरची भातशेती होती. त्यांनी पुडा देताना पाहिलं होतं, कारण त्या दिवशी ते केबिनमध्ये पंखा दुरुस्त करत होते. ते अजून कामावर होते आणि तरी आमच्या घरी येऊन, चहा फुंकत, मोठ्या आवाजात म्हणाले, "मी येतंय ना ठाण्याला. मी सांगतंय सायबाला. माझ्या डोळ्यांदेखत दिलाय पुडा. घाबरायचं काय? माझ्या आज्याच्या शेतात उभा हाय तो शेठ."

"तुमचं काम जाईल भाऊ," आई म्हणाली.

"जाऊं दे गो वहिनी. काम गेला तर गेला. शेत गेला तवा कोनी विचारला न्हाय, आता कामाचं काय?" आणि ते हसले. पप्पाही हसले. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही.

ते खरंच आले, एक दिवस खाडा करून. त्याच तारखेला शेठचे वकीलही आले. अधिकारी साहेबांच्या टेबलाभोवती आम्ही बसलो. साहेबांनी पप्पांना विचारलं, "रजा घेतल्याचा काही पुरावा?"

"शेठनी पुडा दिला होता साहेब."

"कसला पुडा?"

"अगरबत्तीचा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आहे का तो?"

"लावली ना साहेब. गणपतीपुढे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला राग तरी आला असता. साहेबांनी फक्त मान हलवली आणि पुढच्या ओळीवर गेले. पप्पांची रीत, जिला त्यांनी आयुष्यभर परवानगी मानलं, ती त्या खोलीत बोलून दाखवल्यावर एखाद्या पोराने सांगितलेल्या गोष्टीसारखी वाटली. माझ्या कानालासुद्धा.

"मी बघलंय सायेब," काका उभे राहून म्हणाले. "मी तिथंच होतो. स्टुलावर."

"बसा, बसा. इथे साक्षीपुरावा होत नाही. तो कोर्टात. इथे आम्ही फक्त दोन्ही बाजूंचं ऐकून समेट होतो का ते बघतो."

"मंग मी आज खाडा केला तो?"

साहेब म्हणाले, "बसा."

वकीलबाईंनी सांगून ठेवलेलं एक वाक्य होतं. ते त्या बोलणार होत्या, पण त्या फाइल चाळत होत्या आणि मला थांबवेना. मी म्हटलं, "सर, त्यांनी एकदाही पत्र पाठवून कामावर बोलावलं नाही." माझा आवाज मला ओळखू आला नाही.

शेठचे वकील माझ्याकडे वळले. वयस्कर होते, चेहऱ्याने चांगले. "बेटा, वो तो घर का आदमी है. घर के आदमी को चिठ्ठी कौन भेजता है?" मग साहेबांकडे वळून ते म्हणाले, "साहेब, आम्ही यांना काढलंच नाही. आधीही नाही, आताही नाही. सोमवारपासून येऊ द्या. लिहून देतो."

पप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि साहेबांना विचारलं, "प्रेसवर ना?"

"कामावर," वकील म्हणाले. साहेबांनी ते लिहून घेतलं. वकीलबाईंनी 'पूर्वीच्याच कामावर' असं घाला म्हणून हट्ट धरला. तेही घातलं.

बाहेर आल्यावर पप्पांनी आम्हा सगळ्यांना वडापाव खायला घातला. काका म्हणत होते, "बघलंस? मी आलो म्हनून घाबरला." वकीलबाई एकट्याच खूश नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आपल्याला नाही म्हणता आलं नसतं. नाही म्हटलं तर ते म्हणणार, बघा, यालाच यायचं नाही. पण लक्ष ठेव. आणि काहीही झालं तरी त्यांनी स्वतःहून उठून यायचं नाही. कळलं?" मी हो म्हटलं. बसमध्ये मी ते पप्पांना सांगितलं. "मी कशाला उठून येतो?" ते म्हणाले.

सोमवारी पप्पांना आत घेतलं. हजेरी लागली. पण त्यांच्या प्रेसवर ठेकेदाराचा माणूस होता. मॅनेजर म्हणाला, "काका, जरा बैठो. मशीन खाली होने दो." टाइम ऑफिसच्या बाहेर एक स्टूल होतं, तिथे पप्पा बसले. मशीन रिकामं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. पगार पूर्ण मिळणार होता, हजेरी रोज लागत होती. त्यांना कोणी शिवी दिली नाही, कोणी धक्का मारला नाही. फक्त काम दिलं नाही आणि त्यांच्याशी कोणी बोलेना. बोलू नका असं सांगितलेलं होतं. काकांना मागच्या गाळ्यात पॅकिंगला टाकलं, तिथून स्टूल दिसत नसे. पप्पांनी झाडू उचलला तर मॅनेजरने हातातून काढून घेतला. "अरे, ये आपका काम नहीं है."

आम्हाला हे पप्पांनी सांगितलं नाही. काकांनी येऊन सांगितलं. मी वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "बसू दे. रोज लिहून ठेव. काम न देता बसवून ठेवणं हीसुद्धा तक्रार होते, मी करते तयारी. पण महिने जातील. तोवर बसावं लागेल."

मी रोज रात्री जेवताना पप्पांना विचारायची. "आज?"

"बसलो."

असं बरेच दिवस. नंतर ते 'बसलो' म्हणायचंही थांबले.

एकदा ते ब्लड प्रेशरची गोळी घरी विसरले. मी दुपारी ती द्यायला गेले. वॉचमन मला ओळखत होता, त्याने आत सोडलं. इतक्या वर्षांत मी त्या कारखान्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. आवाज इतका होता की तो छातीत लागत होता. पप्पा स्टुलावर बसले होते, भिंतीला न टेकता, हात गुडघ्यांवर. त्यांच्यासमोर एक टेबलफॅन ठेवलेला होता. ते समोरच्या प्रेसकडे बघत होते. प्रेस खाली येत होती, वर जात होती, आणि पप्पांचा उजवा पाय, चपलेत, दर वेळेला फरशीवर दाबला जात होता. प्रेस खाली, पाय खाली. त्या पायाखाली काही नव्हतं. त्यांना ते माहीत नसावं. मी लगेच पुढे गेले नाही. आवाजामुळे हाक मारली असती तरी ऐकू आली नसती, असं मी स्वतःला सांगितलं.

मग त्यांनी मला पाहिलं आणि पाय थांबला.

"तू कशाला आलीस?" त्यांनी गोळी खिशात टाकली. "जा. इथे लोखंडाचा कचरा उडतो डोळ्यात."

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. मी घरी अभ्यास करत होते. पप्पा दुपारीच आले. चपला काढल्या. आईने पाणी आणून दिलं. पप्पा पाणी पिऊन म्हणाले, "मॅनेजरला सांगून आलो. उद्यापासून येत नाही म्हटलं."

मी धावत जाऊन खालच्या पीसीओवरून वकीलबाईंना फोन लावला. "काही लिहून दिलं का त्यांनी?" "नाही." "मग अजून गेलेलं नाही. उद्या सकाळी परत जाऊन बसायला सांग. जमत नसेल तर आपण लिहू की यांना जबरदस्तीने घालवलं. काम न देऊन, माणसात न धरून घालवलं. हेसुद्धा कायद्याने काढणंच आहे. मी मसुदा सांगते, तू लिही." त्या सांगत गेल्या, मी इंग्रजीत लिहून घेत गेले. माझ्यामागे फोनसाठी दोघं थांबले होते. मी इतकं चांगलं इंग्रजी तोवर कधी लिहिलं नव्हतं. वाटत होतं, हे तरी कळेल कुणाला.

वर येऊन मी तो कागद पप्पांना वाचून दाखवला. एकेक वाक्य, मराठीत. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. जिथे मी 'मानसिक छळ' म्हटलं तिथे ते थोडे अवघडले.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले.

"सही करा, पप्पा."

"जबरदस्ती कोणी केली पण?"

"पप्पा, त्यांनी तुम्हाला..."

"कोणी हात लावला नाही. उलट पंखा लावून दिला होता. मीच उठलो. मला कोणी विचारलं, तर खोटं कसं सांगू? मला बसवेना, मी उठून आलो. हे खरं आहे."

"अहो, पोर एवढं लिहून आली आहे," आई म्हणाली.

"आधी त्यांनी खोटं लिहिलं," पप्पा म्हणाले. "आता आपण लिहायचं?"

मी त्यांना समजावलं. वकीलबाईंचेच शब्द मराठीत सांगितले, की कायद्याला ते खोटं वाटत नाही, कायद्यात अशा उठून येण्याला वेगळं नाव आहे. ते ऐकत राहिले, माझ्याकडे बघत, जसे दहावीला मी मार्कशीट वाचून दाखवली तेव्हा बघत होते. त्यांना माझा अभिमान वाटत होता आणि त्यांनी पेन हातात घेतलं नाही. मी जितकं बरोबर बोलत गेले, तितके ते लांब गेले. शेवटी मी गप्प बसले. गप्प बसणं मला सगळ्यात चांगलं येतं.

संध्याकाळी आम्ही दोघं दूध आणायला खाली उतरलो. दुसऱ्या मजल्यावर बोहरी आंटी दारात उभ्या होत्या. त्यांनी पप्पांना या वेळेला घरी पाहून विचारलं, "भाईसाब, आज छुट्टी?"

मी पटकन काहीतरी बोलणार होते. हो म्हणणार होते. पण पप्पांनी कठड्याला हात धरला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, "नहीं. काम छोड दिया मैंने."

"अच्छा किया," आंटी म्हणाल्या. "बहुत किया, अब आराम करो."

"हाँ," पप्पा म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.